जुन्या तबकड्यांची नवी आवृत्ती

ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली की प्रकाशक ती गोष्ट मोठ्या अभिमानाने पहिल्या पानामागे छापतो. पहिली आवृत्ती कोणत्या साली निघाली, दुसरीत काय वाढविले, काय गाळले, हे वाचकाला दोन ओळींत कळते. गाण्याच्या तबकडीचे तसे नाही. ती पुनः पुनः निघते, नवे वेष्टन घेते, स्वस्त होते, दहा जुन्या गाण्यांच्या पंक्तीला जाऊन बसते. आणि ऐकणाऱ्याला तिचे जन्मवर्षही ठाऊक नसते. तरीसुद्धा मराठी समाजाच्या कानात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचे जे संगीत शिल्लक आहे, त्यातील फार मोठा भाग अशा पुनर्मुद्रणांनीच राखला आहे. पुनर्मुद्रण हा केवळ व्यापार नव्हे, ती निवड आहे. जे निवडले गेले ते उरले; जे निवडले गेले नाही ते बव्हंशी गेले. या दृष्टीने जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्यांचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

हा इतिहास मुंबई-कलकत्त्याहून पाहण्यापेक्षा लोधीखेड्यासारख्या गावातून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे हे गाव सौंसर तहसिलीतील. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हा ते नव्या जिल्ह्यात गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते. पुढे नागपूर महाराष्ट्राकडे गेले आणि लोधीखेडा मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी आणि घरची भाषा मराठी, अशी या पट्ट्याची स्थिती झाली. नाटक मंडळ्या, मैफली, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या हे सारे दूरच्या शहरांत. येथे संगीत येई ते तबकडीतून, आणि १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे नभोवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर रेडिओतून. म्हणजे दूर कोठेतरी कोणी जे निवडले, छापले आणि पुनः छापले, तेच या भागातल्या घरांत ऐकू यावयाचे. ज्यांना मूळ मैफलीची वाट मोकळी होती त्यांच्यापेक्षा अशा गावांना पुनर्मुद्रणाचे मोल अधिक होते.

जुन्या गॅझेटियरांत लोधीखेड्याचा उल्लेख तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी येतो. तांब्याशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तबकडीची मूळ प्रत म्हणजे काय हे समजावणे सोपे जाते. पूर्वी गायकाचा आवाज प्रथम मेणाच्या जाड चकतीवर सुईने कोरला जाई. त्या मेणावर विजेच्या साह्याने तांब्याचा थर चढवीत. तो थर सोडवून घेतला की त्यावर रेषा उलट्या उमटलेल्या असत. हाच मूळ साचा. त्यावरून आणखी साचे काढून लाखेच्या मिश्रणावर दाब दिला की बाजारात येणारी तबकडी तयार होई. मेणाची चकती पुनः घासून वापरात येई. पण तांब्याचा साचा कारखान्याच्या कोठारात राही. जोवर तो साचा आहे, तोवर गाण्याला दुसरा जन्म आहे. तो वितळविला गेला की त्यातल्या आवाजाची किंमत मोडीच्या तांब्याइतकी होते.

हिंदुस्थानात या कलेचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये झाला. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गोहरजान यांच्यासह अनेकांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोव्हर येथे छापल्या जात. तिकडच्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून गायिका गाणे संपताच आपले नाव उच्चारीत असे. सोय म्हणून निघालेली ही पद्धत पुढे फार उपकारक ठरली. वरचा कागद फाटला तरी नाव आवाजातच राहिले. १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला आणि १९२८ साली डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून या देशाच्या गाण्याचे साचे या देशातच साठू लागले.

या यंत्राच्या येण्याला थोडा उशीर झाला, याची हळहळ मराठी रसिकाला वाटल्यावाचून राहत नाही. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले. त्यांचा आवाज राहिला नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या, पण त्यांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांनीही तबकडीसाठी गाणे दिले नाही. त्यांची गायकी आज ऐकावयाची ती शिष्यांच्या मुद्रणांतून. म्हणूनच जे मुद्रित झाले ते पुनः उपलब्ध असणे महत्त्वाचे ठरते.

स्वस्त आवृत्तीची कल्पना फार नवी नाही. ग्रामोफोन कंपनीने १९०३ मध्येच ‘झोनोफोन’ ही प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतली आणि पुढे त्या नावाखाली कमी किमतीचा माल विकला. हिंदुस्थानातही ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या कुत्र्याच्या चित्राची तबकडी महाग, तर त्याच कंपनीची ‘ट्विन’ नावाची तबकडी स्वस्त, अशी प्रतवारी होती. कंपन्या एकमेकींत मिसळल्या की एकीचे साचे दुसरीकडे जात आणि जुने गाणे नव्या नावाने बाजारात येई. १९३१ साली इंग्लंडात ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांचे एकीकरण होऊन ‘ई. एम. आय.’ ही संस्था झाली. ‘ओडियन’ ही मूळची जर्मन तबकडी हिंदुस्थानात १९१२ ते १९१६ आणि १९३२ ते १९३८ अशा दोन कालखंडांत निघाली. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ‘ओडियन’साठी गाणी दिली, आणि १९३७ साली ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर तीच गाणी ‘कोलंबिया’च्या नावाने व पुढे दीर्घकालीन तबकड्यांवर पुनः पुनः निघत राहिली. ज्यांनी त्यांना मिरजेस कधी पाहिले नाही, अशा दोन-तीन पिढ्यांनी त्यांचा सूर ओळखला तो या आवृत्त्यांमुळे.

विदर्भाचा या इतिहासाशी असलेला संबंधही ध्यानात घेण्यासारखा आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता ग. ना. जोशी यांनी गाइली आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या परंपरेचा आरंभ पुष्कळ जण या तबकडीपासून धरतात. हेच जोशी पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. कोणाला बोलवावयाचे, काय गाववावयाचे, किती वेळ गाववावयाचे, हे दीर्घकाळ त्यांच्यासारख्या माणसांच्या हाती होते. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या आहेत. तबकडीच्या मागे यंत्राप्रमाणेच जाणत्या माणसाची आवडनिवड असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसऱ्या महायुद्धाने तबकडीच्या द्रव्यावरच घाला घातला. त्या वेळची तबकडी लाखेची असे. पळस, कुसुम, बोर या झाडांवरची ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जगात जाई. तिच्यात दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळीत. युद्धात जहाजांची वाट बिकट झाली आणि १९४२ साली अमेरिकेने लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले. तेथे लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा चुरा नव्या तबकड्यांत घालण्यात येऊ लागला. एका गाण्याच्या चुऱ्यावर दुसरे गाणे उमटावे, असा हा प्रकार. घरोघरच्या किती दुर्मिळ तबकड्या यात नाहीशा झाल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

युद्धानंतर दीर्घकालीन तबकडी आली आणि पुनर्मुद्रणाचे स्वरूपच पालटले. जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. नव्या तबकडीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक. त्यामुळे अनेक जुनी गाणी एकत्र करून एका गायकाचा किंवा एका नाटकाचा संग्रह काढणे शक्य झाले. अमेरिकेत ‘आर. सी. ए.’ने १९५३ साली ‘कॅम्डेन’ नावाची स्वस्त माला खास जुन्या मुद्रणांसाठी काढली. इंग्लंडात ‘ई. एम. आय.’ने १९६५ साली पॉल हॅम्लिन या ग्रंथप्रकाशकाच्या भागीदारीत ‘म्युझिक फॉर प्लेझर’ ही माला सुरू केली. तिच्या तबकड्या वर्तमानपत्रांच्या व वाणसामानाच्या दुकानांतूनही मिळत. ज्याचा खर्च पूर्वीच निघालेला आहे तो माल थोड्या नफ्यावर पुष्कळ विकावा, हा यामागचा हिशेब.

आपल्याकडेही बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची लाखेच्या तबकड्यांवरची गाणी अशा संग्रहांतून नव्याने आली. १९७० च्या सुमारास जुन्या पद्धतीच्या तबकड्या निघणे थांबले, तेव्हा हे संग्रहच जुन्या गाण्याचा मुख्य आधार झाले. ज्या घरात जुने यंत्र मोडले, सुया मिळेनाशा झाल्या, त्या घरात ‘मानापमान’ आणि ‘स्वयंवर’ या नाटकांची पदे पुनः ऐकू आली. हा लाभ मोठा होता. परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. बालगंधर्वांनी गाइलेल्या अनेक पदांपैकी दहा-बारा संग्रहात आली की तेवढेच बालगंधर्व, अशी नव्या श्रोत्याची समजूत होते. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत कितीतरी वेळ रंगे. तबकडीत ते तीन मिनिटांत आवरलेले असे. वेष्टनावर साल नाही, साथीदारांची नावे नाहीत. तरुणपणीचा आवाज आणि उतारवयातला आवाज एकाच बाजूवर शेजारी येतात, आणि ऐकणारा दोन्ही एकच समजतो.

निवड स्मृतीला कसे वळण देते याचे ठळक उदाहरण ‘गीतरामायण’ होय. ग. दि. माडगूळकरांची ही ५६ गीते पुणे केंद्रावरून १९५५-५६ या वर्षात प्रसारित झाली. संगीत सुधीर फडके यांचे. परंतु गाणारे एकटे फडके नव्हते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी निरनिराळ्या पात्रांची गीते म्हटली होती. पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने तबकड्यांचा जो संच काढला तो सबंध फडक्यांच्या आवाजात आहे. तो संच सुंदर आहे, आणि घराघरांत तोच पोहोचला. त्यामुळे मूळ कार्यक्रमात सीतेचे गीत स्त्रीच्या कंठातून आले होते, ही गोष्ट पुष्कळांच्या आठवणीतून पुसली गेली. कोणी काही लपविले नव्हते. विकत मिळाले ते टिकले, न मिळाले ते मागे पडले, एवढेच.

याच्या उलट, बाजाराने सोडून दिलेली तबकडी केवढी मोठी ठरू शकते, हे केसरबाई केरकर यांच्या एका भैरवीने दाखविले. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीच्या संगीताची सोनेरी तबकडी बसविलेली आहे. तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. तज्ज्ञांनी हे गाणे सुचविले खरे, पण ती तबकडी तेव्हा बाजारात उपलब्ध नव्हती. शेवटी न्यू यॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. सूर्यमालेच्या पलीकडे गेलेली ही जुन्या गाण्याची आवृत्ती. पण ती निघू शकली याचे कारण एका दुकानदाराने आपले खोके रिकामे केले नव्हते.

कॅसेट आली आणि स्वस्ताईने खरा वेग घेतला. १९८० नंतरच्या दशकात गुलशनकुमार यांच्या ‘सुपर कॅसेट्स’ने म्हणजे ‘टी-सीरिज’ने बाजार उलटापालटा केला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती की, गाणे प्रथम मुद्रित झाल्यानंतर, मालकास सूचना व मानधन देऊन, दुसऱ्या कोणास तेच गाणे नव्याने मुद्रित करता येई. तिचा आधार घेऊन जुनी लोकप्रिय गाणी नव्या गायकांच्या आवाजात निघाली व अल्प किमतीत विकली गेली. लहान गावांतल्या पानाच्या टपऱ्यांवर, बसस्थानकांवर, जत्रेत कॅसेटी मिळू लागल्या. ज्या घरात कधी ग्रामोफोन आला नाही, तेथेही गाणे पोहोचले. कॅसेट काढण्यास भांडवल थोडे लागे, म्हणून गावोगावचे भजनी, लोकगायक, कीर्तनकार यांनाही प्रथमच वाव मिळाला. हे श्रेय नाकारता येणार नाही. तथापि मूळ गाणे कोणाचे आणि हाती आहे ते कोणाचे, यातला भेद मात्र पुसट झाला. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने अशा मुद्रणासाठी पाच वर्षांची मुदत आणि मूळ गायकांविषयी संभ्रम होऊ न देण्याची अट घातली गेली.

इकडे डमडमच्या जुन्या कंपनीची मालकीही बदलली. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती गोएंका यांच्या ‘आर. पी. जी.’ समूहाकडे आली आणि २००० साली तिचे नाव ‘सारेगामा’ झाले. २०१७ साली या कंपनीने ‘कारवाँ’ नावाची, जुन्या रेडिओसारखी दिसणारी पेटी काढली. तीत पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली होती. पुढे मराठी गाण्यांचीही अशी पेटी निघाली. ज्यांना नवी साधने हाताळणे अवघड जाते अशा वयस्कर श्रोत्यांना ती फार आवडली. एका दृष्टीने पाहता, १९०२ पासून साठत आलेल्या कोठाराची ही सर्वांत मोठी संग्रह-आवृत्तीच होय. पण पाच हजार हा आकडा मोठा असला, तरी निवड येथेही आहेच. जे पूर्वी खपले, तेच प्रथम आत येते.

आता या विषयाला एक नवे वळण मिळाले आहे. भारतीय कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रथम ५० वर्षे आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर प्रकाशनापासून ६० वर्षे राहतो. या हिशेबाने १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या मुद्रणांवरचा कंपन्यांचा हक्क संपला आहे. म्हणजे लाखेच्या तबकड्यांचे बहुतेक सारे युग आज समाजाच्या मालकीचे झाले. गीताच्या शब्दांवरचा व चालीवरचा हक्क मात्र निराळा. तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. माडगूळकर १९७७ साली वारले, तेव्हा त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. हा भेद समजून घेतला, तर जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढणे हे केवळ कंपनीचे काम राहत नाही. शाळा, ग्रंथालय, संगीतसभा कोणीही ते करू शकते.

असे काम सुरूही झाले आहे. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था स्थापन झाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी भारतातील आरंभीच्या मुद्रणांच्या तपशीलवार याद्या तयार केल्या. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ नावाने तबकड्या काढल्या होत्या. त्या तबकड्या आणि ‘ओडियन’च्या तबकड्या मिळवून त्यांच्या अंकीय प्रती करण्याचे काम ब्रिटिश लायब्ररीच्या साह्याने या संग्राहकांनी केले. कारखान्याचे साचे गेले असता ज्यांनी घरची तबकडी जपली, तेच अशा आवृत्तीचे खरे आधार ठरतात.

येथे लोधीखेड्यासारख्या गावांचा संबंध पुनः येतो. राज्याची सीमा बदलली, नागपूर-छिंदवाडा अरुंद रेल्वे २०१५ साली बंद होऊन तिच्या जागी रुंद मार्ग झाला, दुकाने बदलली. पण जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, लाकडी पेट्यांत, तबकड्या आणि कॅसेटी अद्याप असू शकतात. शाळेत हिंदी शिकणाऱ्या या भागातील मुलांना आजोबांच्या पिढीची मराठी ज्या थोड्या वाटांनी कानावर पडू शकते, त्यांपैकी ही एक वाट आहे. भंगारवाल्याच्या हाती ती पेटी देण्यापूर्वी एवढे करणे अवघड नाही : तबकडीच्या मधल्या कागदावरचे नाव व क्रमांक उतरून घ्यावेत, कागद फाटला असल्यास त्याच्या कडेला कोऱ्या जागेत खरवडलेला क्रमांक पाहावा, गाण्याच्या शेवटी कोणी नाव उच्चारते का ते ऐकावे, आणि घरात ती केव्हा, कोठून आली हे ठाऊक असल्यास वहीत लिहून ठेवावे. कॅसेट असेल तर ती गावच्या भजनी मंडळाची आहे म्हणून क्षुल्लक समजू नये. तिची दुसरी प्रत कदाचित कोठेही नसेल.

पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत पहिल्या आवृत्तीचे साल छापण्याचा जो शिरस्ता आहे, तोच गाण्यालाही लागू झाला पाहिजे. गायक कोण, साथ कोणाची, साल कोणते, मूळ तबकडी कोणती, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक संग्रहाबरोबर दिल्या, तर स्वस्त आवृत्तीही विश्वसनीय होईल. कंपन्यांनी आपल्या सोयीने शंभर वर्षे निवड केली आणि त्यातून पुष्कळ काही वाचले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य करावयास हवे. यापुढील निवड मात्र ज्यांच्या घरी त्या तबकड्या आहेत, त्यांच्याही हाती आली आहे.